खेचरांना पाणी कोण पाजायचं

मंगळवारी सातला मी शटर अर्धं खाली ओढतो.
सायकली भिंतीला, ग्रीसचे डबे फळीखाली,
आणि ज्या टेबलावर दिवसभर चाकांच्या तारा आवळतो
तिथेच अंथरतो नकाशा
सोचा नदीच्या खोऱ्याचा, एकोणीसशे सतराचा,
घड्यांवर विरलेला, चिकटपट्टीने सांधलेला.
एका कोपऱ्यावर वजनाला
छोटा नाल, वरच्या रानात सापडलेला.

आधी रफ्को येतो, निवृत्त पोस्टमन.
मग लुद्विक. त्याच्या वहीत
प्रत्येक तोफेच्या नळीचा व्यास आहे,
बायकोचा वाढदिवस नाही.
मिलोय्का येते फडक्यात चीज बांधून.
शेवटी बोगोमिर, वय एक्क्याण्णव.
काठी आत येते आधी,
मग बऱ्याच वेळाने तो.

आजचा वाद धुक्याचा.
त्या ऑक्टोबरात, पहाटे दोनला, गॅस सोडला तेव्हा
दरीत धुकं होतं की पाऊस?
पावसात गॅस कसा टिकेल, म्हणतो रफ्को.
टिकला ना, म्हणतो लुद्विक, मेलेल्यांना विचार.
माझे आजोबा होते तिथे.
माझेही होते, आईकडून. समोरच्या खंदकात.
हे दोघे वीस वर्षं एकमेकांना हेच सांगतायत
आणि वीस वर्षं एकाच बाटलीतून ओततायत.

मी मध्ये बोलत नाही. माझ्या आजोबांनी
एकाच चुलीपुढे बसून चार देशांचे कागद पाहिले.
सरहद्दी घरावरून गेल्या, ते उठले नाहीत.
फक्त दर वेळी विचारायचे,
कर कुठे भरायचा आता?

धुक्याचा कीस काढता काढता नऊ वाजले.
तेव्हा चीज कापता कापता मिलोय्का म्हणाली,
एक सांगा.
तोफा वर चढवल्या खेचरांनी. बरोबर?
हो, चार हजारांवर, लुद्विकने पान उलटलं.
मग वर, त्या दगडात, जिथे झरा नाही,
त्यांना पाणी कोण पाजायचं?

लुद्विक पानं उलटत राहिला.
रफ्कोने चष्मा पुसला. स्वच्छच होता.
कोणत्या तुकडीने कोणता सुळका किती वाजता घेतला
हे आम्हाला झोपेत विचारा.

कोणी नाही, म्हणाला बोगोमिर.
आम्हाला तो झोपलाय असं वाटत होतं.

मी नऊ वर्षांचा. वेन्को बाराचा.
आम्ही लोखंड वेचायचो, भंगारवाला किलोवर घ्यायचा.
त्या खळग्यात सापडली ती, ओळीने,
हाडं नुसती, साखळ्या अजून खुंट्यांना.
सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला.
खाली, नदीकडे.
इथून नदीचा आवाज येतो, वेन्को म्हणाला.
दोन दिवस आम्ही नाल उपटत होतो.
नालाला भाव कमी. तांब्याला जास्त.
म्हणून तिसऱ्या दिवशी तो
तोफगोळ्याचा तांब्याचा पट्टा काढायला बसला.
मला म्हणाला, तू जा, पाणी घेऊन ये.

एवढंच.
पुढचं त्याने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.
टेबलावरच्या नालाकडे मी पाहिलं नाही,
पाहिलं असतं तर सगळ्यांनीच पाहिलं असतं.

बऱ्याच वेळाने लुद्विकने पेन काढलं.
लिहिलं, खेचरं. पुढे, पाणी.
पुढे रेघ मारली आणि टोपण लावलं.
मिलोय्काने पहिला तुकडा बोगोमिरला दिला.
मीठ जास्त झालंय, तो म्हणाला,
आणि सगळा खाल्ला.

शटर वर केलं तर बाहेर काहीतरी पडत होतं.
धुकं म्हणावं तर केस भिजत होते,
पाऊस म्हणावं तर आवाज नव्हता.
रफ्कोने तळहात पुढे धरला,
लुद्विककडे पाहिलं,
आणि हात खिशात घातला.