बिजागरी

एकोणतीस सप्टेंबर. कुळानं ताबा सोडायचा दिवस.
वेल्समधल्या या उतारावर माझे गमबूट ओळखणारी
दोन कुत्री आहेत,
आज दोन्ही ट्रेलरला बांधलेली.

मी मूल्यमापक. दोन्ही बाजूंनी मिळून नेमलेला,
म्हणजे कुणाचाच नाही.
कुठं पाणी मुरतंय ते शोधायचं
आणि त्यासमोर आकडा लिहायचा.

मेरेरिड प्रॉसर पुढं चालते, हातात पाना.
"ही शेड आमची," ती म्हणते.
"ट्युडरनं सोळा बोल्टांवर उभी केली,
एकही पाय सिमेंटात पुरला नाही.
म्हणायचा, दुसऱ्याच्या जमिनीवर बांधायचं
तर उकलता येईल असं बांधावं."
मी लिहितो : शेड, कुळाची, काढता येण्याजोगी.
महिन्याची नोटीस दिलेली आहे.
मालकाला ती विकत नको आहे.
नको असण्याचंही एक पत्र असतं. ते मी पाहिलं.

फाटकाशी आम्ही अडतो.
खांब मालकाचा, ओकचा, तिच्या सासऱ्याच्याही आधीचा.
फाटक तिचं, लिलावात घेतलेलं, पावती आहे.
आणि बिजागरी?
अर्धी या लाकडात, अर्धी त्या लोखंडात.
तेवीस वर्षांत यावर मला कलम सापडलेलं नाही.
ती पान्याच्या टोकानं गंज खरवडत राहते.
मी लिहितो : फाटक, बिजागरीसह.
शेवटचा शब्द खोडतो.
पुन्हा लिहितो.

चुन्याचं सोपं असतं.
चार वर्षांपूर्वी टाकला, बिलं नीट टोचलेली.
कायद्याच्या लेखी चुना दर साल
ठरल्या हिश्शानं विरघळतो, शेवटच्या साली शून्य.
मातीला हे कुणी कळवलेलं नाही.
खालच्या तुकड्यात क्लोव्हर अजून पोटरीला लागतं.

तिथूनच ती मला ओढ्याकाठी नेते,
वाकून नेचे बाजूला सारते.
भाजक्या मातीच्या नळीचं तोंड, मुठीएवढं,
त्यातून पाणी, बारीक, न थांबता,
कुणीतरी आत विसरून गेल्यासारखं.

"अशा अठरा ओळी आहेत. आधी इथं नुसता चिखल होता,
मेंढ्यांचे खूर सडायचे.
दोन हिवाळे खणलं, कंदील लावून.
दिवसा दूध असायचं ना."

मालकांची लेखी संमती?
विचारावंच लागतं.
"थोरले मालक इथंच उभे होते.
आमच्या थर्मासमधला चहा प्यायले. म्हणाले, छान."

छान कुठं लिहिलेलं नाही.
चहाही नाही. थोरले मालक चर्चच्या मागं झोपलेत.
नळ्या उकरायला गेलं तर
ते टाळता येण्याजोगं नुकसान,
म्हणून त्या राहणार, जिथं आहेत तिथं, मालकाच्या होऊन.
माझ्या पेन्सिलीनं त्या रकान्यात
एक आडवी रेघ मारली. मी मारली म्हणायला हवं.

तेव्हा तिनं कोटाच्या खिशातून
पेंडीच्या पोत्याचा चौकोन काढला, कागदी, घड्या पडलेला.
त्यावर अठरा ओळी निळ्या शाईत,
कुठं वळतात, किती खोल,
सातवी कुठं तुंबते.
"आणि हे?" ती म्हणाली,
"हे जमिनीला जोडलेलं धरायचं की सुटं?"

"सुटं," मी म्हणालो.

घडी घालून तिनं ते पुन्हा खिशात ठेवलं.
किंमत तिनं विचारली नाही, मी सांगितली नाही.

दुपारपर्यंत अकरा बोल्ट निघाले, पाच कापावे लागले.
ओट्यावरची भोकं बुजवणं तिच्यावर बंधनकारक होतं.
तिनं ती कालवलेल्या सिमेंटनं बुजवली,
अंगठ्यानं सारखी केली,
एक भोक दोनदा.

फाटक नेलं नाही.
ट्रेलर बाहेर काढून ती खाली उतरली, मागं आली.
"वरच्या मेंढ्या आत शिरतील," म्हणाली
आणि कडी घातली.