तळ

चौतीस वर्षं मी नद्यांचे तळ उपसले.
आयसल, वाल, आणि त्यांची ती नाव नसलेली वळणं
जिथे गाळ येऊन बसतो
बोलावल्यासारखा.
ड्रेजरच्या केबिनमध्ये उभा, हातात तरफ,
खाली साखळीला बादल्या.
भरून वर, रिकाम्या खाली,
भरून वर.
किती टन, ते कंपनीच्या वहीत.
माझ्याकडे उजव्या खांद्याची कुरकुर.

निवृत्तीला पोरांनी काचेची टाकी दिली,
साठ सेंटिमीटर, कोरडी ठणठणीत.
सोबत चिठ्ठी:
"वीबे, आता भरून दाखव."

झ्वोलला कालव्याकाठी सुनिता जगरूपचं दुकान आहे.
बाप पारामारिबोहून आला तेव्हापासूनचं.
मी म्हटलं, मासे दाखवा.
ती म्हणाली, मासे शेवटी. झाडं कुठली लावणार?
मुळांनी जेवणारी की पानांनी?

मी गप्प.
एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
खाली जे उगवलेलं असायचं
त्याला नोंदवहीत एकच शब्द होता: अडथळा.

घरी आलो तो नदीकाठची वाळू बरणीत घेऊन.
फुकटची, ओळखीची.
चिमूटभर बशीत घेतली, वर व्हिनेगर.
फसफसली.
शिंपल्यांचा चुरा, म्हणजे चुना,
आणि आमचं नळाचं पाणी आधीच जड.
बरणी खिडकीत ठेवून दिली.
फेकवली नाही.

बारीक वाळू हाताला गोड लागते,
पण जाड थर दिला की गच्च बसते,
आतला श्वास कोंडतो,
मग काळे डाग, आणि नासक्या अंड्याचा वास.
तो वास मला कशाला सांगायचा?
जुन्या बंदराच्या कोपऱ्यात
त्याच वासाला आम्ही डबे बंद करायचो.

मोठे खडे?
माशांचं उष्टं फटीत जाऊन बसतं,
दातात अडकावं तसं,
आणि जीभ पोचत नाही.
धारदार चुरी तर नकोच.
तळ हुंगत फिरणाऱ्या माशांना मिशा असतात, सुनिता म्हणाली,
त्या झिजतात.
मी नकळत माझ्या मिशीवरून हात फिरवला.

राहिले भाजलेल्या मातीचे दाणे.
काळे, हलके, मोहरीहून मोठे, मिरीहून लहान.
धुवायचे नाहीत, चोळायचे नाहीत,
नाहीतर परत चिखल.
पहिला महिना पाणी जहाल करतील,
तोवर मासा सोडायचा नाही.
तिने पिशवी काउंटरवर ठेवली, पण हात काढला नाही:
"थांबता येईल ना?"

येल्त्ये दारातच उभी.
"एवढी वर्षं बुटांबरोबर फुकट आणलास चिखल,
आता पैसे मोजून?"
मग तिनेच आपली निळी बशी दिली,
तळावर ठेवायला, म्हणजे पाण्याची धार
थेट मातीवर पडणार नाही.

पुढे तीन बोटं, मागे वीतभराला थोडं कमी.
उतार दिला.
उतार मला येतो, तो मी आयुष्यभर मोडत आलो.
दाणे पसरताना बोटं सारखी उचलायला जायची,
सवयीने.

क्रिप्टोकोरीनची सात रोपं.
दहाव्या दिवशी पानं विरघळली, शेवाळी लगद्यासारखी.
मी फोन केला. सुनिता म्हणाली, जागा बदलली की ती असंच करतात.
उपटू नका.

उपटू नका!
कुणाला सांगते आहे ही.

पाच आठवडे झाले.
मासा अजून नाही.
आज पहाटे, येल्त्ये झोपेत असताना,
बाही वर करून हात घातला,
एका देठाला चिमटीत धरलं
आणि ओढून पाहिलं, अगदी हलकं.

खालून कुणीतरी धरलं होतं.

बाही भिजली होती तरी
मी तसाच उभा राहिलो थोडा वेळ.