सतरावी काडी

वालेन्सिया, रविवारचा जुना बाजार.
बेनिग्नो पंखा उघडतो
पत्ते पिसावेत तसा, फर्रकन.
"अरे, हळू!" एल्विरा खेकसते.

मग चष्मा चढवून काड्या मोजते.
सोळा शिंपल्याच्या.
सतरावी हाडाची, कुणीतरी घरीच बसवलेली;
डिंकाचा पिवळा ओघळ अजून तसाच,
आणि रेशमावरची मेंढपाळीण त्या जागी
जराशी तिरळी.

"खोट आहे. चाळीस कमी द्या."
खोटीसाठीच घेतेय, हे ती बोलत नाही.
तोंड वाकडं करून आणखी दहा पाडते.

परतीच्या बसमध्ये अंगाची लाही लाही.
खिडकी अडकलेली.
दीडशे वर्षांचा वारा मांडीवर,
पिशवीत, मलमलीत गुंडाळून.
एल्विरा औषधाच्या दुकानातल्या
फुकट पुठ्ठ्याने वारा घालते
स्वतःला,
मधूनच पिशवीलाही.