यादी दाखवू नये

रात्री पावणेदोनला सापडलं.
पत्त्याच्या शेवटचं नाव खोडलं, सवयीनं,
तिरपी रेघ तेवढी ठेवली,
आणि कोपरखैरण्याच्या त्या लॅबचं
अख्खं कपाट उघडं पडलं महाप्यात, माझ्या टेबलावर:
पांढऱ्यावर निळ्या ओळी,
नाव, तारीख, वजन केबीत.

कुणी फोडलं नव्हतं काही.
सर्व्हरचा स्वभावच तसा.
दर्शनी पान ठेवलेलं नसलं
की येईल त्याला घरातलं सगळं मोजून दाखवतो,
एकट्या राहिलेल्या पोरासारखा.

आगासकर, भोईर, चोगले, धुमाळ,
मग घरत_यमुना_बायोप्सी_२.
दोनशे बारा केबी.

यमुनाकाकू. आमच्या गल्लीतली.
पहिली कुठाय मग, हे डोक्यानं विचारलंसुद्धा.
बोट तिथंच थांबलं.
उघडली नाही.
सांगून कुणाला पटणार नाही,
लॉगमध्ये मात्र आहे.

एक ओळ लिहायची असते.
ऑप्शन्स, वजा, इंडेक्सेस.
वजा विसरलात तर हीच ओळ
दार सताड उघडते.
सर्व्हर पुन्हा सुरू केला, पान ताजं केलं.
चारशे तीन. मनाई आहे.
इतका गोड नकार मला आजवर कुणी दिलेला नाही.

पण खरं सांगायचं तर
कागद होते तिथंच आहेत.
नेमकं नाव ठाऊक असेल त्याला अजूनही मिळतील.
कुट्टीसाहेबांना मेल टाकला:
फोल्डर आत हलवा, कुलूप लावा, आजच.
आज म्हणजे कधी, ते बघू.

सिडकोनं शहर आखलं
नोड, सेक्टर, प्लॉट, खोली,
अनोळखी माणूसही न विचारता पोचावा असं.
आमच्या गोठिवलीच्या गावठाणात तसं नाही.
नाव घ्यावं लागतं, कुणाचा कोण ते सांगावं लागतं,
मग ओट्यावरचं कुणीतरी बोट दाखवतं.
किंवा नाही दाखवत.

सकाळी गल्लीत शिरलो
तर काकू सुपात जवळा निवडत बसलेली.
"रातपाली व्हती का रं?"
"हां."
पुढचं काही विचारायला तोंड उघडलं,
मिटलं.
माझ्यापाशी फक्त दोनशे बारा केबी,
तेवढे पुसायची ओळ
कुठल्या फाइलीत लिहितात, ठाऊक नाही.

"घरी ने. कांद्यावर परतून खा."
तिनं जवळा हातावर ठेवला,
मी मूठ झाकली.