एकेचाळीस प्रदेश

मे महिन्यात मी डिसेंबर काढतोय.
रात्री अकरालाही भिंती पोळतात,
कूलरच्या ताटीला पाणी पुरत नाही,
आणि पडद्यावर अधिवेशन भरलंय:
एकेचाळीस प्रदेश, सहा रंग, सहा खेळाडू,
जगात कुठूनही बसून खेळता येईल असा नकाशा.

झिरो माइल मधोमध ठेवला.
चार दगडी घोडे काढताना एकाचा पाय
पिक्सेलमध्ये मोडला, तो तसाच राहू दिला.
इथून सगळी अंतरं मोजतात म्हणे,
म्हणून दर पाळीला दोन फौजा जादा.
सीताबर्डीच्या किल्ल्याला तीन.
महालला किती द्यायच्या यावरून
होमराज आणि मी चार दिवस बोललो नाही.
"इंदोऱ्याले कमी देल्लं बे तू.
खेळ हाय म्हनतं, अन् हिशेब तोच जुना?"
आकडे खोडले. पुन्हा लिहिले.
समतोल हा शब्द या कामात
दिवसातून वीसदा वापरावा लागतो.

रविभवन, नागभवन, आमदार निवास:
तिघांना एक रंग.
हिवाळ्यापुरती रंगवतात ही घरं,
मार्चमध्ये पोपडे निघतात,
ते काही फौजांच्या आकड्यात बसत नाही.
नाग नदी आधी निळी काढली,
मग माझी मलाच लाज वाटली, करडी केली.
बर्डीवरची तर्री-पोह्याची गाडी तटस्थ:
पाच फौजा, कुणावर चाल करत नाही,
पण तिला टाळून कुणालाच पुढं जाता येत नाही.

मग चाचणीला दिला.
लिमामधल्या कुणा दंतवैद्यानं
तिसऱ्याच पाळीत गड्डीगोदाम घेतलं.
नाव उच्चारता येत नसावं,
सोबत्यांना तो नुसतं "जी" लिहायचा,
"जी वाचवा", "जी गेलं".
पहाटे त्याची तक्रार आली:
यशवंत स्टेडियममधून विधानभवनाला रस्ता नाही.
फौजा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटपर्यंत येतात
आणि अडकतात.
उलट विधानभवनाला मात्र त्यांच्यावर चाल करता येते.
बाण एकेरी पडलाय. चूक दुरुस्त करावी.

मी आईला उठवलं नाही, ती जागीच होती.
पंचफुला मेश्राम, अंगणवाडी क्रमांक एकशे बारा,
अकरा मोर्चे, एक लाठी, उजव्या खांद्यावर.
तांदूळ निवडता निवडता ती पडद्याकडं वाकली,
चष्मा नव्हता, तरी बोट नेमकं पडलं.
"इथं कठडे लागते.
इथं आमी बसतो, पेपर अंथरून.
मुतारी पार तिकडं हाय, ते नाही काढली तू.
मंत्री येत नाही, निवेदन जाते.
तीन बायाइले आत नेते, फोटू काढते,
दिवे लागले का घरी जा म्हनते."
मग बाणाकडं बघून म्हणाली,
"हे बराबर हाय."

बोट पुढं सरकलं आणि उड्डाणपुलापाशी थांबलं.
"हा कोनाचा?"
कोणाचाच नाही, आई.
तिथं मी ना रंग भरला, ना फौज ठेवली,
त्याला क्रमांकसुद्धा दिला नाही.
त्या पुलाच्या नावात माणसं राहतात,
गोवारी, त्याच रस्त्यावर चेंगरलेली,
त्यांना पुन्हा कुणाच्या तरी पाळीची वाट बघत
उभं कसं करू?
ती काही बोलली नाही.
एक खडा सापडला, तो खिडकीतून टाकला.

दंतवैद्याला लिहिलं: चूक नाही, नकाशा असाच आहे.
तासाभरानं त्याचं उत्तर:
मग स्टेडियमवाल्यानं जिंकायचं कसं?

वाचून दाखवलं.
आईनं सूप बाजूला ठेवलं, पदर झटकला.
"त्याले लिही,
येत्या डिसेंबरात पुन्हा ये म्हना.
अन् पान्याची बाटली घरूनच आन,
तथी वीस रुपयाले देते."