दार वाजतं तेव्हा

दार वाजतं तेव्हा आमच्याकडे
कपाटावरचा पिवळा दिवा तीनदा डोळे मिचकावतो
आणि मी उठतो.

सुनेनं आणला, श्रावंतीनं, सहाशे चाळीसला.
बटण दाराबाहेर, दिवा आत, मधे तार नाही.
मी दोन दिवस तार शोधली.
चौतीस वर्षं मागावर काढलेल्या माणसाला
धाग्यावाचून काही कशाला जोडलेलं असतं
हे लवकर पटत नाही.

कान एकदम गेले नाहीत.
आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिट्टी.
नात हाक मारायची, ताता,
त्यातले दोन्ही त गळून पडले,
नुसते आ आ उरले.
शेडमध्ये कुणाला कळलं नाही, मलाही नाही.
तिथं सगळेच हातांनी बोलत:
दोन बोटं ओठांवर म्हणजे विडी,
मनगटावर टिचकी म्हणजे किती वाजले,
छातीवर मूठ म्हणजे शेठ आला.
घरी येऊनही माझे हातच चालायचे.
बायको म्हणायची, तोंड काय गहाण ठेवलंय?

लहानपणी गिरणीचा भोंगा होता.
पहाटे अख्खं शहर एका आवाजावर उठायचं,
तापानं फणफणलेला, बाळंतीण,
ज्याला कामच नाही तोसुद्धा.
आता माझ्या उशीखाली पापडाएवढी चकती आहे.
पाच वाजता ती थरथरते
आणि सगळ्या साखरपेठेत मी एकटा जागा होतो.
एका माणसाचा भोंगा.

कानातलं यंत्रही आहे. ते घातलं
की पेपरची घडी पत्र्यासारखी वाजते,
कडक भाकरी मोडली तर मी दचकतो,
आणि घरात पाच माणसं एकदम बोलली
की पुन्हा शेड.
रात्री ते डबीत झोपतं, पांढऱ्या खड्यांच्या पुडीशेजारी.
मग राखणीला दिवा.

मे महिन्यात तो उगाच लागायला लागला.
दार उघडावं तर समोर कुत्रं.
चार दिवसांनी छडा लागला:
शेजारच्या हुसेनाबींच्या मुलानं
त्याच दुकानातून तेच बटण आणलं होतं.
आता त्यांच्याकडे कुणी आलं की मी दारात.
सिलेंडरवाला, भिशीच्या बायका, हप्ता मागणारा पोरगा,
त्यांचं येणंजाणं मला पाठ झालं.
श्रावंती म्हणाली, आत एक बारकी कळ असते,
दाबली की दोन्ही वेगळी होतात. उद्या करते.

त्या रात्री नळाला पाणी सोडलं, पाचव्या दिवशी, दीड वाजता.
प्रत्येक खिडकीत कूलर,
आणि कूलरपुढे, लोक सांगतात, काही ऐकू येत नाही.
लोकांना.
दिवा लागला. तीनदा. परत तीनदा.
मग थांबेचना.
कुत्रं असेल म्हणून काठी घेऊन गेलो.

हुसेनाबी त्यांच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या.
घागर कलंडलेली, एक पाय भलतीकडे वळलेला,
एक हात वर, बटणावर.
आत मुलगा, सून, दोन नातवंडं, एक कूलर.
त्यांचे ओठ हलत होते.
तेलुगू मला ओठांवर वाचता येते, मराठी निम्मी,
त्यांची बोली अजिबात नाही.
हातानं सांगा, मी म्हणालो,
बहुतेक ओरडलोच असेन,
कारण गल्लीतल्या सगळ्या माड्यांवर दिवे लागले.

प्लॅस्टर दीड महिना होतं.
ती बारकी कळ श्रावंतीनं अजून दाबलेली नाही,
आणि मीही आठवण करून देत नाही.

परवा भर दुपारी दिवा मिचकावला.
शेजारी कुणी आलं असेल
म्हणून मी कूस बदलून पडून राहिलो.

माझाच जावई होता, भिवंडीहून आलेला,
हातात आंब्यांची पेटी,
वीस मिनिटं उन्हात.