रंग बघ

चाळीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात
आण्णांनी हळद पारखली.
हळकुंड कानाशी धरून मोडायचे,
रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे.
आता खाटेच्या कडेला लोंबणाऱ्या पिशवीचा रंग
मी पारखते.

रूथ सिस्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं:
पिशवी कमरेच्या वर न्यायची नाही,
गेलेलं मागं फिरलं तर ताप आणतं.
तोटी फरशीला टेकवायची नाही.
नळीला पीळ नको. हात आधी धुवायचे, नंतरही.
मी सगळं लिहून घेतलं, हमालीच्या जुन्या वहीत,
मागच्या कोऱ्या पानांवर.

लाजेचं मात्र त्या काही बोलल्या नाहीत.
पिशवी रिकामी होईपर्यंत
आण्णा भिंतीकडे तोंड करून पडायचे.
मधेच म्हणायचे, "मला लागलीय," आणि उठू बघायचे.
"आण्णा, नळी आहे."
"ते तिला सांग," म्हणत ओटीपोटावर मूठ दाबून धरायचे.
कळ यायची, जायची.
कधी नळीच्या बाजूनेच ओलं व्हायचं,
मग चादर बदलताना आम्ही दोघं
आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर आहे
याबद्दल बोलायचो.

नवव्या दिवशी पिशवीत गढूळ उतरलं,
पिठाचा हात धुतल्यासारखं.
वासही होता.
मी म्हटलं, पाणी कमी पितात.
वहीत तसंच लिहिलं.

रात्री हुडहुडी.
मला ओळखेनात, कुणी अडत्या समजले.
"पोत्याला ही सुतळी कुणी बांधली?"
आणि ओढली.
निघाली नाही. आतला फुगा फुगलेला होता.
चादरीवर जो रंग उतरला
त्याचा भाव मला ठाऊक नव्हता.

मिरजेपर्यंत रिक्षात
पिशवी मी त्यांच्या गुडघ्याखाली धरून होते.
तेव्हाही नियम पाळत होते,
कशासाठी कोण जाणे.

आता नवी नळी. सात दिवस इंजेक्शन.
रूथ सिस्टर रोज सकाळी डॉक्टरांना विचारतात,
"ही अजून लागणारच आहे का?"
मी मात्र हे कुणालाच विचारलं नव्हतं.

आज चादरीखालून आण्णांनी माझा हात धरला,
तळव्यावर दोन बोटं दाबली, मग तीन.
तोंड भिंतीकडे नव्हतं.
"रंग बघ," म्हणाले.
बघितला. "फिका आहे, आण्णा. अगदी फिका."
"मग घेऊ नकोस," म्हणाले,
आणि झोपले.